मिठाची गुळणी

परदेशात, टाकानिनी उपनगरातल्या मुलाच्या त्या नव्याकोऱ्या घरात सुरेखाताईंचा जीव दोघींतच रमला: चार महिन्यांच्या नातीत आणि काचेच्या टाकीतल्या पिवळ्या मासोळीत. मासोळी आफ्रिकेतली, मलावी सरोवरातली. अंडी तोंडात धरायची, पिल्लं तोंडातच वाढवायची आणि तोवर अन्नाला शिवायचं नाही, अशी तिची रीत. "बाई मिठाची गुळणी धरून बसलीय," ताई म्हणायच्या. मुलाच्या घरात त्यांनाही तेच करावं लागे.

सोमवारी त्यांची सून मृणालिनी कामावर रुजू होणार होती. बाळ आजीजवळ राहणार की डेकेअरमध्ये, ते अजून ठरत नव्हतं. ताईंचा जीव टांगणीला लागला होता.

शुक्रवारी दुपारी मासोळीने पिल्लं सोडली. ताईंनी लगेच मुलाला, धैर्यशीलला, ऑफिसात फोन लावला. तो नेहमीसारखा घाईत.

"आई, पिल्लं पातेल्यात काढून ठेव, नाहीतर बाकीचे मासे खातील. फ्रेशवॉटर फिश आहेत, फ्रेशवॉटरच घाल. मीटिंग आहे, ठेवतो."

फ्रेश म्हणजे ताजं, एवढं इंग्रजी ताईंना येत होतं; फ्रेशवॉटर म्हणजे खारं नसलेलं, गोडं पाणी, हे ठाऊक नव्हतं. टाकीतलं पाणी तर कधीचं शिळं! लेकरांना कुणी शिळं पाणी देतं का? त्यांनी नळाचं थंडगार पाणी भरलं आणि चहाच्या गाळणीने एकेक पिल्लू हलक्या हाताने त्यात सोडलं. संध्याकाळपर्यंत सगळी उलटी होऊन तरंगत होती.

मृणालिनी भडकली. "नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, आई! विचारायचं तरी कुणाला. उद्या बाळाच्या बाबतीत..." वाक्य तिने अर्धंच सोडलं, पण डेकेअर ठरलं.

धैर्यशील तिथेच उभा होता. 'मीच सांगितलं होतं,' एवढंच तर म्हणायचं होतं त्याला. पण साहेब फोनमध्ये डोकं खुपसून राहिले. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द ओठांवर आले, तेही त्यांनी गिळले. त्याच्या लबाड्या, त्याचं नापास झालेलं वर्ष, सगळं त्यांनी आजवर असंच पोटात घातलं होतं.

मृणालिनी बाळाला निजवायला आत गेली, तसा तो जवळ सरकला.

"थँक्स आई. तिला काही बोलली नाहीस ते बरं केलंस. उगाच वाढलं असतं."

"ती मासोळी तीन आठवड्यांत पिल्लं थुंकून मोकळी झाली, धैर्या," त्या म्हणाल्या. "मला अजून जमलं नाही."