लॉन्ड्रीतलं भाकीत

लॉन्ड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती. कपडे पिळायच्या मोठ्या मशीनपुढे माणसं हात जोडून उभी, आणि मधोमध खुर्चीत डोळे मिटून बसलेले महाराज.

"महाराजांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं, 'हे यंत्र हात मागतंय!'" मालक गहिवरून सांगत होते. "मी स्वतः ऐकलं. नशिबातच होतं ते! आपल्यासारख्या सामान्य माणसाला कसं कळणार?"

दारात उभ्या शाळेच्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात गेला तो इथेच कामाला असलेल्या त्यांच्या धाकट्या भावाचा. वकील म्हणाले होते, 'असा अपघात होईल हे मालकाला आधी कळण्यासारखं होतं, एवढं दाखवा, भरपाई मिळेल.' आणि इथे मालकाने सगळं खापर नशिबावर फोडून हात झटकले होते.

"मशीन चालू करा," बाई म्हणाल्या.

इस्त्रीवाल्याने बटण दाबलं. बाईंनी लांबूनच काठीने झाकण उचललं. झाकण सताड उघडलं, तरी आतलं पिंप गरगरतच राहिलं.

"झाकण उघडलं की हे थांबायला हवं. खटका कधी मोडला?"

"झाले की बरेच महिने," इस्त्रीवाला पुटपुटला. "नाडीने बांधतो आम्ही."

"महाराज, तुम्ही कफनी न्यायला आलात तेव्हा माझ्या भावाने तुम्हाला मागे सारलं. काय म्हणाला तो?"

"आम्ही सूक्ष्मातलं ऐकतो, बाई."

"'लांब व्हा महाराज, झाकण उघडतं, कुणाचातरी हात जाईल,' असं म्हणाला ना?" इस्त्रीवाल्याने मान डोलावली. "त्याचंच वाक्य उचललंत, आवाज घोगरा केलात, की झालं भाकीत!"

"पण घडलं ना तसंच!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

बाईंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. त्या मालकांकडे वळल्या. "तुमचा महाराजांवर विश्वास आहे?"

"पूर्ण!"

"मग हात जाणार हे आठवडाभर आधी कळूनही मशीन बंद का नाही केलंत?"

मालकांनी घाईघाईने महाराजांकडे पाहिलं.

"आता हेच कोर्टात सांगा."

महाराज खुर्चीखाली चपला शोधू लागले. दोघंतिघं त्या शोधायला वाकलेही! बाईंचा आवाज चढला. "अहो, मोडका खटका दिसायला दिव्यदृष्टी कशाला लागते? रोज बघत होतात तुम्ही सगळे! आज जोडलेत त्यातला एक हात जरी तेव्हा खटका बसवायला पुढे आला असता, तर माझ्या भावाने आज शर्टाची बटणं स्वतः लावली असती."