ज्या सणाला बोलावणं नसतं

मुलांनो, सिंगापूरच्या हौगांग भागातल्या एका उंच इमारतीचा नववा मजला डोळ्यांसमोर आणा. लांबच लांब कॉरिडॉर, आणि मधल्या एका फ्लॅटचं दार सताड उघडं. सकाळपासून ते उघडंच आहे. आत टेबलावर एक जाड मेणबत्ती जळते आहे, आणि अजून कोणीही आलेलं नाही.

तो फ्लॅट देसांकाआजींचा. सर्बियाच्या शेजारी क्रोएशिया नावाचा देश आहे. तिथल्या डोंगरात त्यांचं गाव, आणि गावात सर्ब लोकांची जेमतेम सात घरं. प्रत्येक सर्ब घराचा एक संत असतो, आपल्या कुलदैवतासारखा. त्याच्या दिवशी कोणालाही बोलवायचं नाही, अशी त्यांची रीत. ज्याला आठवण असेल तो येतो. एकेक करून ती घरं बंद झाली. आजोबाही गेले, तेव्हा आजी मुलाकडे सिंगापूरला आल्या. मुलगा नेमका या सणाच्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी होता.

शेजारच्या राधिकाताईंना आजींनी लिफ्टमध्ये सांगितलं होतं, एकोणीस डिसेंबरला आमच्या संताचा दिवस. राधिकाताईंनी शुभेच्छा दिल्या. पण 'या' काही आजी म्हणाल्या नाहीत, मग जायचं कसं? उलट त्यांनी आपल्या इराला बजावलं, की आज त्यांच्याकडे पाहुणे असतील, आगंतुकासारखं डोकवायचं नाही.

इरा नऊ वर्षांची. संध्याकाळी ती खाली सायकल खेळून वर आली, तेव्हा आजी एकट्याच बसल्या होत्या. समोर मासे, बीन्स, उकडलेले गोड गहू आणि एक मोठा गोल पाव. सगळं तसंच.

"आजी, पाहुणे कधी येणार?" तिने दारातूनच विचारलं.

गेल्या वर्षी गावात तिघंजण आले होते, एवढंच आजी म्हणाल्या. मग त्यांनी तिला समजावलं, की हा पाव एकट्याने मोडायचा नसतो. दोघांनी धरायचा, गोल फिरवायचा आणि मग मोडायचा. पलीकडची बाजू आजोबा धरायचे.

"मग मला बोलवा ना."

"बोलावता येत नाही गं, पोरी."

मेणबत्ती बोटभर उरली होती. पाव मोडण्याआधी ती विझली, असं त्यांच्या घरात आजवर कधी झालं नव्हतं.

इराने एकदा आपल्या घराच्या दाराकडे पाहिलं. मग ती आत गेली, हात धुतले, आणि टेबलाच्या पलीकडे उभी राहून तिने पावाची कड दोन्ही हातांनी धरली.