पुढच्या गाडीची केबल

दुपारी दोन वाजता ड्वेन केसल मला म्हणाला की पुढच्या गाडीत मी नको.

ड्वेन घरं हलवतो. धान्याची कोठारं, शाळा, कुणाचं तरी आख्खं राहतं घर पोलादी तुळयांवर उचलायचं, खाली चाकं घालायची आणि ट्रकने ओढत दुसऱ्या गावी नेऊन ठेवायचं. त्या दिवशी चर्च होतं. बेथनी लुथरन नावाचं पांढरं चर्च, मनोरा उतरवून वेगळा पाठवलेला. टायर फुटला म्हणून ते गव्हाच्या शेताकडेला उभं होतं आणि साडेचारला पुन्हा निघणार होतं. अशा ओझ्यापुढे मैलभर एक गाडी असते आणि मागे एक. दोन्हींत रेडिओ. अकरा वर्षं मी मागच्या गाडीत काढली होती. अकरा वर्षं लोकांच्या घरांच्या मागच्या भिंती बघितल्या आणि धूळ खाल्ली. पुढची गाडी मला त्याच दिवशी पहिल्यांदा मिळाली होती.

"अर्लिस, तुझं अर्धंच वाक्य येतं माझ्याकडे," ड्वेन म्हणाला. "'ट्रक' ऐकू येतं, पुढे नुसती खरखर. ट्रक येतोय की ट्रक गेला, हे मी देवाला विचारू?"

"चर्च मागे जोडलेलंच आहे. विचारून बघ."

तो हसला नाही. "साडेचारला मैलभर पुढे जाऊन बोल. स्वच्छ ऐकू आलं तर तू पुढे. नाही तर कर्टिस पुढे आणि तू मागे. टेकडीपलीकडे पूल आहे, बाई. चर्च कठड्यांच्या वरून जाणार, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. उताराला लागल्यावर मला थांबता येत नाही."

कर्टिस हा त्याचा मेहुणा. सव्वीस वर्षांचा, पुढच्या गाडीत बसायचा हक्क आईच्या पोटातून घेऊन आल्यासारखा वागणारा. तो माझ्या गाडीच्या टपावर कोपर टेकून सगळं ऐकत होता आणि दात काढत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण ड्वेनचं खोटं नव्हतं.

घर चार मैलांवर, मी तडक तिथे गेले. माझा नवरा मर्ल ओट्यापाशी बसून रुबार्बचा कूखन, म्हणजे आंबटगोड देठांचा केक, खात होता. बावीस वर्षं ट्रक चालवून त्याचे गुडघे गेले. माझ्या पिकअपमधला रेडिओ त्यानेच बसवलेला, त्यामुळे त्यात काही बिघडू शकतं हे त्याला मान्यच नव्हतं.

"अँटेनाची काडी अजून थोडी काप," तो म्हणाला.

"तीनदा कापली. मीटरचा काटा हलत नाही."

हा मीटर अँटेना आणि रेडिओच्या मध्ये लावतात. आपला किती आवाज बाहेर न जाता परत येतो ते तो दाखवतो. काटा एकाजवळ असला की झकास, दोनच्या वर गेला की वाईट. माझा तीनच्या पुढे जाऊन बसला होता. तीनदा काडी कापूनही काटा हलत नाही, म्हणजे रोग काडीत नाही. हे मला आठवडाभर आधी सुचायला हवं होतं. पण घरात बावीस वर्षांचा ट्रकवाला असला की आपण आपलं डोकं खुंटीला टांगून ठेवतो.

मी अंगणात जाऊन अँटेनापासून रेडिओकडे जाणारी केबल हाताने चाचपत गेले. दाराच्या फटीतून ती आत येत होती. सहा वर्षं मी ते दार रोज वीस वेळा आपटत होते. तिथे केबल चपटी लागली. पक्कडीने तिथेच तोडली. आतली तांब्याची जाळी चकचकीत असायला हवी, ती हिरवी-काळी झाली होती आणि अर्धी तुटलेली. मग वरची बारीक अक्षरं वाचली आणि तोडलेला तुकडा घेऊन तशीच आत गेले.

"मर्ल, ही कुठली केबल?"

"माझ्या ट्रकवरची."

"तुझ्या ट्रकला दोन आरशांवर दोन अँटेना होत्या. ही त्या जोडीतली अर्धी आहे."

"तार ती तार."

"नाही. जोडीची केबल वेगळी असते, एकटीची वेगळी. माझ्याकडे एकच अँटेना आहे."

"माँटानापर्यंत ऐकू जायचो मी हिच्यावरून."

"दोन अँटेनांवरून. आणि तेव्हा केबल दारात चेंगरलेली नव्हती."

त्याने कूखनचा तुकडा तोंडात घातला आणि खिडकीबाहेर बघत बसला. सगळ्या ट्रकवाल्यांची ही खोड आहे. ट्रक विकला की जोडीची केबल सोडवून आणायची आणि अर्धी बायकोच्या गाडीला चिकटवायची. मला राग आला होता, आणि त्याच्याकडे बघून वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच. पण घड्याळात तीन वाजले होते.

ट्रकथांब्यावर दुकान सांभाळणाऱ्या व्हॉनीने तीन केबली गल्ल्यावर टाकल्या. एक बारीक, स्वस्त. एक बोटाएवढी जाड, ती पिकअपमध्ये कुठेच वळली नसती. आणि एक मधली.

"बारीक ने, सगळे तीच नेतात," व्हॉनी म्हणाली.

"सगळ्यांच्या पाठीमागे चर्च नसतं. मधली दे. एकट्या अँटेनाची आहे ना?"

"छापलंय त्यावर. अठरा फूट, टोकं बसवलेली. टोकांना डाग देऊन जोडत बसायला वेळ आहे तुझ्याकडे?"

नव्हता. तिथेच आवारात मी पाठीवर झोपले. या वेळी दार नको. सीटमागच्या तळात एक रबरी बूच असतं, त्याला भोक पाडून केबल आत घेतली. उरलेली आवळून वेटोळं न करता सीटमागे ऐसपैस लांब वळणांनी सोडली. बाहेरच्या जोडावर रबरी पट्टी घट्ट गुंडाळली. काटा दोनच्या खाली उतरला. पण काडी मीच कापून आखूड केली होती, म्हणून तिचा स्क्रू सैल करून ती अंगठाभर वर ओढली. काटा दीडच्याही खाली आला. मी तिथे एकटीच मोठ्याने हसले, आणि डिझेल भरणारे दोघं माझ्याकडे बघायला लागले.

साडेचारला दोन मिनिटं कमी असताना मी मैलभर पुढे उभी राहून बोलले.

"ऐकू येतंय," ड्वेन म्हणाला. "कर्टिस, मागे जा."

टेकडी उतरून मी पूल ओलांडला आणि पलीकडे लाल झेंडा घेऊन उभी राहिले. पाच मिनिटांपूर्वीच एक शेतकरी गवतकापणीचं रुंद यंत्र घेऊन माझ्यासमोरून बाजूच्या कच्च्या रस्त्याला लागला होता. आता तो उलटा वळून पुलाकडे आला. केबिनमध्ये पोल्काची गाणी मोठ्याने लावलेली, नजर मागच्या पात्यांवर. झेंडा, हॉर्न, शिव्या, काही त्याच्या गावी नव्हतं. तो पुलावर चढला आणि बरोबर मधे पात्याचं टोक कठड्यात अडकून यंत्र आडवं झालं.

चर्च तेव्हा टेकडीच्या पलीकडच्या चढावर असणार. माथा ओलांडला की संपलं. मी झेंडा टाकून पिकअपकडे धावले आणि माइक उचलला.

"ड्वेन, माथ्याच्या अलीकडे थांब. पूल अडलाय. वर येऊ नकोस."

एक श्वास गेला असेल.

"थांबलो," ड्वेन म्हणाला. "माथा पन्नास हातांवर आहे. सांग."

पूर्ण वाक्य. प्रत्येक शब्द गेला होता. मी सांगितलं. मग पक्कड आणि पहार घेऊन पुलावर गेले, आणि त्या शेतकऱ्याला पोल्का बंद करायला लावून यंत्र सोडवलं. वीस मिनिटं लागली. परत येऊन माइक उचलला.

"पूल मोकळा आहे. समोरून कुणी नाही. या."

माथ्यावर आधी छपराचं टोक दिसलं, मग खिडक्या, मग आख्खं चर्च संध्याकाळच्या उन्हात हळूहळू उतरायला लागलं. कठड्यांवरून ते असं गेलं की रंगाचा एक टवका उडाला नाही. मी पुढे रस्त्यात उभी राहून त्याची वाट मोकळी ठेवली, आणि मला इतका अभिमान वाटला की ते चर्च मीच बांधलंय असं कुणी म्हटलं असतं तर नाही म्हटलं नसतं.

तेवढ्यात पिकअपमधल्या रेडिओवर मर्लचा आवाज आला. आमच्या स्वयंपाकघरात त्याचा जुना रेडिओ आहे. तिथून हा पूल अकरा मैल.

"अर्लिस, इथे सगळं स्वच्छ ऐकू आलं. तू थांब म्हणालीस तेव्हा माझा हातसुद्धा कॉफी ढवळायचा थांबला. ती केबल, म्हणजे नवी, मी काय म्हणतो—"

"मर्ल," ड्वेन मधेच म्हणाला, "चॅनेल मोकळा कर. पुढच्या गाडीला बोलू दे."

मी पिकअपमध्ये बसले, माइक तोंडाशी धरला आणि पुढचा रस्ता सांगायला लागले.