बंद दाराआडचा चमत्कार

महाराजांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत शिंप्याच्या चार वर्षांच्या पोरानं टाहो फोडला होता आणि बाहेरची गर्दी भक्तिभावानं ऐकत होती. अंगातलं बाहेर पडताना असंच ओरडतं, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. मग आवाज थांबला आणि महाराज शांत झालेल्या पोराला घेऊन बाहेर आले. सगळ्यांनी हात जोडले. बालवाडीच्या बाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस आला होता. पोर बालवाडीत नीट वागायचं. धिंगाणा सगळा दुकानात. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की ते जमिनीवर लोळण घ्यायचं, आई त्याच्या हातात मोबाईल कोंबायची, आणि बाप तो हिसकावून वर धपाटा घालायचा. अशानं पोरानं शिकायचं तरी काय? पण बाईंचं ऐकतो कोण?

आईला पाहताच पोरानं पुन्हा भोकाड पसरलं.

"भूत चिवट आहे," महाराज म्हणाले. "आता पोटावर चटका द्यावा लागेल."

सळई शेगडीत गेली. शिंप्यानं मान डोलावली. बाईंनी पोराला उचललं, आत नेलं आणि दार लावून घेतलं. मंत्र नाही, मंतरलेलं पाणी नाही, त्या नुसत्या बसून राहिल्या. पोर ओरडलं, कोण बघतंय याचा त्यानं अंदाज घेतला, मग ते दमलं आणि गप्प झालं.

बाईंनी दार उघडलं आणि आईला आत बोलावलं. पोरानं लगेच गळा काढला, आणि आईचा हात आपसूक पर्सकडे गेला. सगळ्यांनी पाहिलं.

"तुमचं भूत त्या पर्समध्ये आहे," बाई म्हणाल्या.

आई उसळली. "बोलायला सोपं आहे, बाई. समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, तेव्हा मी काय करू?"

बाईंचा राग जरा निवळला. "रडू दे. जवळ बस, पण मोबाईल देऊ नकोस. शांत खेळत असेल तेव्हा मशीन थांबवून त्याला जवळ घे. आणि तुम्ही," त्या शिंप्याकडे वळल्या, "धपाटे बंद करा. दोघांनी एकच काय ते ठरवा."

हट्ट करणारं पोर झपाटलेलं नसतं. रडल्यावर काय मिळतं, एवढंच ते शिकलेलं असतं. हे कळायला महाराज लागत नाहीत, आपलंच घर नीट बघावं लागतं.

"सळई तापली," महाराजांनी आठवण करून दिली.

शिंप्यानं ती चिमट्यानं उचलली आणि मंतरलेल्या पाण्याच्या हंड्यात बुडवली. चर्र आवाज झाला. त्या पाण्याचा तेवढाच काय तो उपयोग झाला.