डम्पलिंगचं फडकं

"इस्त्री कोणी केली रे?" नेट्टाबाईंनी विचारलं.

"इशबेलनं. आणखी कोण करणार?" डूगी म्हणाला आणि बसचा आरसा पुसायला लागला. आरसा स्वच्छच होता.

स्कॉटलंडातल्या पेझ्ली गावच्या चर्चमधल्या बायकांची ही सहल दर वसंतात निघायची. येताना त्या ड्रायव्हरच्या बायकोसाठी उकडलेलं डम्पलिंग आणायच्या. मनुका घातलेलं, बाळाच्या डोक्याएवढं, फडक्यात बांधलेलं. या माणसाशी संसार केल्याची भरपाई म्हणून. पुढच्या वसंतात डूगी ते फडकं परीटघडी करून परत आणायचा. या खेपेला फडक्याच्या मधोमध इस्त्रीच्या टोकाएवढा तांबूस डाग होता. नेट्टाबाईंनी त्यावरून अंगठा फिरवला, फडकं पर्समध्ये घातलं आणि काही न बोलता त्या बसमध्ये चढल्या. ऐंशी वर्षांत त्या काही न बोलता कुठे चढल्याचं ऐकिवात नव्हतं.

इशबेल जानेवारीत गेली होती. डूगीनं ते कंपनीत सांगितलं, शेजारीपाजारी सांगितलं. बसमध्ये मात्र सांगायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. खरं तर ती या बसमध्ये कधी बसलीच नव्हती. वळणांवर तिला मळमळायचं. पण स्कॉटलंडात राजे पुष्कळ होऊन गेले असले, तरी डूगीच्या माइकवर राज्य इशबेलचंच. एकदा ती गेली म्हणून सांगितलं, की वाटेत नुसतं पाणी आणि दगड उरणार होते.

"उजव्या हाताला लॉख लोमंड," तो माइकवर म्हणाला. "जगातलं सगळ्यात देखणं सरोवर. धुक्यामुळे दिसत नाही. इशबेल म्हणते, तुझ्या पगारवाढीसारखंच आहे."

बायका हसल्या. त्या दर वर्षी इथे हसायच्या. धुकंही दर वर्षी असायचं.

घाटमाथ्यावर जुना दगड आहे. 'दम खा आणि आभार मान' असं त्यावर कोरलंय. यातलं पहिलं डूगीला उत्तम जमतं, दुसऱ्याची ती अजून वाट बघतेय, असं इशबेलचं म्हणणं त्यानं सांगितलं. इन्व्हरेरीला टोकदार मनोऱ्यांचा किल्ला आला, तेव्हा एवढ्या काचा पुसतं कोण, हा तिचा प्रश्नही विचारून झाला. जेवणात गरम सूप होतं. मागच्या बाकावरच्या बायकांनी इशबेलची खुशाली विचारली. "निवांत आहे," डूगी म्हणाला. हे तसं खोटं नव्हतं.

मग लॉख ऑ सरोवराच्या काठी धुकं विरलं आणि नको तेवढं स्वच्छ दिसायला लागलं. पाण्याच्या टोकाशी पडका किल्ला उभा होता. डूगीनं बस कडेला घेतली.

"याच किल्ल्यात," त्यानं सुरुवात केली, "मी तिला लग्नाचं विचारलं. पाऊस पडत होता. मी गुडघ्यावर बसलो, डबक्यात. आणि ती..."

पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. ते आलं नाही. माइकमधून नुसती घरघर ऐकू येत राहिली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मग?" नेट्टाबाईंनी पुढच्या बाकावरून विचारलं. ही गोष्ट त्यांनी दर वर्षी ऐकली होती. "पुढे काय म्हणाली ती? टाक की पटकन सांगून, आम्हाला घरी जायचंय."

डूगीनं माइक पुन्हा तोंडाशी नेला. "म्हणाली, छप्पर नसलेल्या घरात मी हो म्हणणार नाही. आधी छप्पर बघ, मग विचार."

नेट्टाबाई सगळ्यांत आधी हसल्या, आणि जरा जास्तच मोठ्यांदा. मग सगळी बस हसली.

संध्याकाळी पेझ्लीला बायका उतरल्या. नेट्टाबाई शेवटी उठल्या. पिशवीतून फडक्यात बांधलेलं डम्पलिंग काढून त्यांनी डूगीच्या हातात दिलं.

"इशबेलला दे."

"देतो."

खालच्या पायरीवर त्या थांबल्या. "आणि पोरा, पुढच्या वर्षी फडकं नुसतं धुऊन आण. इस्त्री माझी मी करीन."

डूगीनं फडक्याची गाठ चाचपली. "तिला सांगतो," तो म्हणाला.

"सांग," नेट्टाबाई म्हणाल्या, आणि छत्री उघडून गेल्या.

बस रिकामी झाली. डूगीनं डम्पलिंग पुढच्या बाकावर ठेवलं. जरा विचार करून त्यावरून पट्टा ओढून लावला. डेपोपर्यंत बरीच वळणं होती. ती सगळी त्यानं अगदी हळू घेतली.