आबांची पाणी काढायची गोळी

अगं बायांनो, ऐका तर! कणसात दूध भरलं की आमचे आजोबा, आबा, थेट शेतातल्या माळ्यावर. चार खांब, वर फळ्या, हातात गोफण आणि तोंडात पाखरांच्या सात पिढ्यांचा उद्धार!

यंदा त्यांचं काळीज थकलं. पाय सुजून भोपळे झाले. डॉक्टरांनी अंगातलं पाणी काढायची गोळी दिली, रोज सकाळी एक. मी ती शिदोरीच्या फडक्यात बांधून द्यायची. पण सूज काही हटेना. एक दिवस काकी कडाडली, "आबा, गोळ्या खाता का पाखरांना घालता?"

"खाऊ कशी? खाल्ली की घडीघडीला लघवी. मी शिडी उतरून परत चढेस्तोवर पाखरं रान साफ करतात. तू चढतेस का, महाराणी?"

"माझ्या भारानं माळाच खाली यायचा!"

आम्ही सगळे हसलो. मी म्हटलं, "आबा, मी राखते की."

"तू? गेल्या खेपेला तुझा दगड बैलाला लागला. गप!"

"मग गोळ्यांचं काय?"

"कापणी झाली की खाईन. पळून जातात का त्या?"

मला वाटलं, कापणीनंतर रोज एक सुरू करतील. कापणी उरकली. दुसऱ्या दिवशी आबा निवांत ओट्यावर बसले, कनवटीची पुडी सोडली आणि साठलेल्या सगळ्या गोळ्या एका तांब्याभर पाण्यासोबत गिळून टाकल्या! सांजेला डोळे खोल, जीभ कोरडीठाक. उठायला गेले ते कोसळलेच.

दवाखान्यात डॉक्टर ओरडले, "सगळ्या एकदम? कुणी सांगितलं?"

आबा पुटपुटले, "पाटाच्या पाण्याची पाळी हुकली, तर पुढच्या पाळीला जास्त सोडतोच की आपण."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हुकली ती हुकली, बाबा. औषधाची भरपाई करायची नसते."

हे आम्हाला आधी कोण सांगणार होतं?

किडन्या बसल्या त्यांच्या. आता मी समोर बसून एकेक गोळी तोंडात घालायला तयार आहे गं, तर डॉक्टर म्हणतात, आता ही गोळी त्यांना सोसायचीच नाही. पाय परत सुजलेत. आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून रात्रंदिवस भिंतीला टेकून बसतात.

काल काकीला म्हणाले, "पेरणीला उठव गं मला."

"उठवते की," काकी म्हणाली, आणि बियाण्याचं पोतं ओढून त्यांच्या पाठीशी लावलं, टेकायला.