मनोरा फोटोत हवा

व्हर्नाने पाकिटातून फोटो काढला, त्याचे कोपरे बोटांनी सरळ केले आणि काउंटरवर कॉफीच्या डागापासून जरा लांब ठेवला.

"घे. काल संध्याकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी."

डोरीनने एप्रनला हात पुसले आणि गल्ल्याखालचं भिंग काढलं. तिच्या कॅफेतली मागची अख्खी भिंत गावातल्या पहिल्या गोष्टींच्या फोटोंनी भरलेली होती. त्या त्या वर्षीचा पहिला हिमवर्षाव, पहिलं लायलॅकचं फूल, तळ्यावरच्या बर्फाला गेलेली पहिली भेग. पण सगळ्यांत मान पहिल्या लूनचा. काळ्या डोक्याचा, पाठभर पांढरे ठिपके असलेला हा पक्षी हिवाळा समुद्रावर काढतो आणि हॉलर तळं जरासं मोकळं झालं की हजर होतो. बावीस वर्षांत बावीस लून भिंतीवर लागले होते, त्यांतले एकोणीस व्हर्ना हॉगनचे. नियम एकच होता. फोटोत मागे चर्चचा मनोरा दिसला पाहिजे. पूर्वी एका विमा एजंटाने दक्षिणेकडच्या कुठल्याशा तळ्यातल्या लूनचा फोटो आणून बक्षिसाचा ‘पाय’, म्हणजे डोरीनचा फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, आठवडाभर फुकट खाल्ला होता; त्याचा फोटो उतरवला तेव्हापासूनचा हा नियम.

"मनोरा आहे," डोरीन म्हणाली आणि तिने भिंग पक्ष्यावर आणलं.

"मग लाव की."

"व्हर्नाकाकू, याच्या छातीखालून दोरी गेलीय."

कॅफेतले चमचे थांबले. खिडकीजवळच्या टेबलावरून लाइल कांगस उठला. व्हर्नाचा शेजारी, आणि बावीसपैकी उरलेल्या तीन फोटोंचा धनी. तो फोटोवर वाकला आणि कानामागे लाल झाला.

"माझा आहे," तो म्हणाला. "जानेवारीत लाकडाचा कोरला. त्याला बघून खरे उतरतील म्हणून परवा पाण्यात सोडला होता. तू फसशील असं मला वाटलं नव्हतं."

"छान कोरलायस," व्हर्ना म्हणाली. तिने फोटो उचलून पाकिटात घातला, पण पाकीट बंद करताना तिला चेन सापडेना.

कुणी हसलं नाही, आणि तेच तिला लागलं. गेल्या शरदापासून तिच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग येऊन बसला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. डॉक्टरांनी गाडीची चावी काढून घ्यायला लावली. जिने तीस वर्षं गावाची शाळेची बस चालवली, तिच्याकडून. मुलगी करिन तेव्हापासून मागे लागली होती की मिनिआपोलिसला चल, वरची खोली रिकामी आहे. ईस्टरच्या जेवणात, हॅम कापता कापता, व्हर्ना सगळ्यांदेखत म्हणून बसली होती, "ज्या वर्षी पहिल्या लूनखाली माझं नाव लागणार नाही, त्या वर्षी येईन." करिनने लगेच हात पुढे केला होता आणि व्हर्नाने तो हातात घेतला होता. करिन शनिवारी येणार होती. आज गुरुवार होता.

शुक्रवारी उजाडताना व्हर्ना तळ्यातल्या आपल्या धक्क्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसली. तळ्याचं अर्धं बर्फ अजून बेटाला चिकटून होतं. अलीकडे पाणी काळंभोर आणि स्थिर होतं. डावीकडे चाळीस पावलांवर लाइलचा धक्का होता आणि त्यावर लाइल, मांडीवर कॅमेरा घेऊन.

"तो लाकडाचा उचललास का?" तिने ओरडून विचारलं.

"काय?"

"लाकडाचा!"

"घरात आहे. चुलीशेजारी वाळतोय."

"त्याला चहा दे."

लाइलने मान हलवली, म्हणजे ऐकू आलं नव्हतं. लाकडाच्या गिरणीत त्याचे कान गेले होते. कानातली यंत्रं तो खिशात ठेवी, वाऱ्यात ती शिट्ट्या मारतात म्हणून. बावीस वर्षं तो तिच्याहून आधी येऊन बसे, तिच्याहून भारी कॅमेरा आणे आणि तरी बहुतेकदा हरे. त्याला वाटे, बाईची नजर घारीची आहे. खरी गोष्ट व्हर्नाने कुणाला सांगितली नव्हती. ती आधी ऐकायची आणि मग बघायची.

सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला आणि तिला तो आवाज ऐकू आला. लूनची साद नव्हे, त्याच्याही आधीचं, पंखांचं शीळ घालणं. उजवीकडून, चर्चच्या बाजूने, खाली खाली येत होतं. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. पाणी होतं, आकाश होतं, कडेला मनोऱ्याचं टोकसुद्धा होतं, आणि मधोमध नेमका तो डाग. पाण्यावर सपकन काहीतरी आपटलं. मग साद आली, लांबलचक, सगळ्या तळ्यावरून फिरून परत येणारी.

ते ऐकून तिला इतका आनंद झाला की क्षणभर करिन, करार, सगळं डोक्यातून गेलं.

बोट बटणावर होतं. दाबलं तर कदाचित मिळेल. नाहीतर उद्या डोरीन पुन्हा भिंग काढेल आणि ओंडका निघेल. तिने डावीकडे मान वळवली. कडेच्या नजरेने लाइल स्पष्ट दिसला. तो बेटाकडे तोंड करून शांतपणे सँडविच खात होता. पक्षी त्याच्या पाठीमागे उतरला होता आणि दोन मिनिटांत बुडी मारून कुठल्या कुठे निघणार होता.

"लाइल!"

सँडविच चालूच.

व्हर्नाने थर्मासचं झाकण काढलं आणि फेकलं. शाळेच्या बसमध्ये तीस वर्षं मागच्या बाकावरच्यांना खडू मारलेला हात होता तो. झाकण त्याच्या खांद्यावर बसलं. लाइल वळला आणि त्याला व्हर्ना दिसली, उभी, कॅमेरा गळ्यात लोंबकळतोय, डोळे मिटलेले आणि उजवा हात पाण्याकडे ताठ केलेला. त्याने सँडविच तळ्यात टाकलं आणि कॅमेरा उचलला.

शनिवारी दुपारी करिन कॅफेत शिरली तेव्हा तिच्या गाडीत मागे घडी केलेली वीस रिकामी खोकी होती. व्हर्ना आणि लाइल खिडकीजवळच्या टेबलावर एकाच बशीतला ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा पाय खात होते, आणि ते काही रोजचं नव्हतं.

"लागला?" करिनने विचारलं.

"लागला," डोरीन म्हणाली. "तूच बघ."

करिन भिंतीपाशी गेली. तेविसावा फोटो बाकीच्यांसारखा नव्हता. लून होता, ठिपके मोजता येतील इतका स्वच्छ, आणि मागे मनोराही होता. पण अर्धा फोटो तिच्या आईने व्यापला होता. वाऱ्याने विस्कटलेले पांढरे केस, लांब केलेला हात आणि तोंडभर हसू. असं हसू करिनने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. खाली डोरीनच्या अक्षरात लिहिलं होतं, "ऐकला व्हर्ना हॉगनने. पाहिला लाइल कांगसने."

"मी फक्त फोटो काढणाऱ्याचं नाव लिहीत होते," डोरीन म्हणाली. "लाइलकाका म्हणाले, मग फोटो परत दे."

"आई, हे चालत नाही. करार बघण्याचा होता."

"करार नाव लागण्याचा होता," व्हर्ना म्हणाली. "हॅम कापत होते तेव्हा. वाच."

करिनने पुन्हा वाचलं. मग लाइलकडे वळून विचारलं, "काका, आणि पुढच्या वर्षी?"

लाइलने खिशातून एक यंत्र काढून कानात बसवलं. "पुन्हा बोल."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मी खुर्ची तिच्याच धक्क्यावर टाकणार आहे. झाकण फार जोरात लागतं."

व्हर्ना बशीकडे बघत राहिली. डोरीनला अचानक टेबलं पुसायची आठवण झाली.

"डोरीन," करिन म्हणाली, "तुला टोमॅटोच्या रोपांसाठी खोकी हवीत का? गाडीत आहेत."

"किती?"

"सगळी घे."

मग तिने फोन काढला आणि दोघांना म्हणाली, "इकडे बघा."

लाइलने घाईघाईने ओठावरचा पायचा तुकडा पुसला. व्हर्ना आवाजाच्या दिशेने वळली, आणि तिने हात वर करून मुलीला थांबवलं.

"दोन पावलं डावीकडे हो," ती म्हणाली. "खिडकीतून मनोरा आला पाहिजे."